खेकडेबाईंचा इंडेक्स

आमच्या गल्लीत दोन प्रकारची घरं आहेत. एक, जिथं खेकडा दिसला की बायका मसाला वाटायला घेतात. दुसऱ्या प्रकारातलं घर एकच, रुद्राप्पा हत्तरकींचं. तिथं खेकडा दिसला की त्याचं वजन करतात, पाठीची रुंदी मोजतात, फोटो काढतात आणि रविवारी गाडी काढून त्याला होता त्या ओढ्यात परत सोडून येतात. पेट्रोल जाळून! माझं घर पहिल्या प्रकारातलं. दोन घरांच्या मध्ये फक्त एक भिंत. त्या भिंतीपलीकडं बादलीत खेकडे खरखरत असतात आणि अलीकडं आम्ही मुगाची आमटी ओरपत असतो. माणसानं किती सोसायचं?

हत्तरकी मंडळी लिंगायत. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. अशा घरात शांभवी जन्माला आली, प्राणिशास्त्र शिकली, गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर डॉक्टरेट करून बसली आणि इथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागली. आता वय एक्केचाळीस. लग्न नाही. का नाही म्हणाल, तर तिला बघायला आलेल्या शेवटच्या पाहुण्यांनी चहा-पोहे झाल्यावर चपलेत पाय घातला आणि चपलेनं पाय धरला. पाहुणे एका पायावर जिन्यापर्यंत गेले. शांभवी मागून ओरडत होती, "हलवू नका! पाय हलवू नका! त्याचा नांगा तुटेल!" त्यानंतर स्थळ आलं नाही. तिनंही कधी चौकशी केली नाही.

तिची आई आक्काताई. ती आता सगळ्याला सरावलीय. एकदा सकाळी पूजेला बसली, डोळे मिटून विभूतीकडं हात नेला, तर डबीवर खेकडा. दुसरी कुणी असती तर अख्खी पेठ गोळा केली असती. आक्काताई एवढंच म्हणाली, "अय्यो शिवा," आणि मग आत हाक मारली, "शांभवीऽ, तुझं लेकरू हिकडं आलंय. घिऊन जा."

तर असं हे रत्न. आणि यंदाच्या पावसाळ्यात ह्या रत्नापायी आमची गल्ली अशी पेटली, की तालमीच्या निवडणुकीतसुद्धा पेटली नव्हती.

झालं असं. पाच वर्षांचा एक मोठा प्रकल्प निघाला होता. गारगोटीच्या वरच्या अंगाला कातळाची पठारं आहेत, सडा म्हणतात त्याला. तिथले ओढे, त्यातले खेकडे, भोवतीचं जंगल, ते टिकवायचं कसं, सगळं त्यात आलं. शांभवी तिथं गेली दहा-बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करून जातेय. प्रकल्प मिळाला तर कॉलेजातनं पाच वर्षं मोकळीक, हाताखाली माणसं, गाडी. नाही मिळाला तर दुसरा कुणी तिथं येणार, आणि तिनं वर्गात फळ्यावर खेकडा काढून शेपूट कुठं आणि डोकं कुठं ते सांगत निवृत्त व्हायचं. शेवटच्या तिघांत तिचं नाव आलं होतं. समिती तिघांच्याही गावाला जाऊन काम बघणार होती.

ती बातमी सांगायला आली तेव्हा मी दुकानात होतो. माझं डिजिटल बोर्ड छापायचं दुकान आहे, गल्लीच्या तोंडालाच. वाढदिवस, निवड, बारसं, बैलाचा नंबर, काहीही असो, कोल्हापुरात बोर्ड लागल्याशिवाय ते झालं असं कुणी मानत नाही. शेजारी तालमीचे अध्यक्ष दादासो बसले होते, तेही कान टवकारून.

"मग मिळतोय की!" मी म्हटलं. "तुझ्याएवढे खेकडे कुणी बघितल्यात?"

"न्हाई अण्णा, अडचण हाय. माझा एच-इंडेक्स नऊ आहे."

"औषध चालू केलं का?" दादासोंनी काळजीनं विचारलं.

मग तिनं समजावून सांगितलं. वर्गात शिकवल्यासारखं, पण दोन बोटांत चहाचा कप धरून. "सोपं आहे. आपण काय शोधलं ते छापायचं, तो पेपर. मग दुसऱ्या कुणी त्याच्या पेपरात लिहिलं, की हत्तरकींनी असं असं सांगितलंय, की ते एक सायटेशन. माझे नऊ पेपर असे आहेत, की प्रत्येकाचं नाव निदान नऊ वेळा तरी निघालंय. म्हणून इंडेक्स नऊ. दहा व्हायला दहा पेपर पाहिजेत, आणि दहाच्या दहांचं नाव दहा-दहा वेळा निघायला पाहिजे."

"म्हणजे माघारी किती लोकांनी आपलं नाव काढलं, ते मोजायचं?" मी विचारलं.

"व्हय."

"अगं मग ह्या हिशोबानं आपल्या गिरणीवाल्याचा इंडेक्स शंभराच्या वर जाईल! रोज कुणी ना कुणी त्याचं नाव काढतंयच की."

"हसू नका. बाकीच्या दोघांतल्या एकाचा सत्तावीस आहे."

सत्तावीस! दादासोंनी कपच खाली ठेवला.

शांभवी म्हणाली, सत्तावीसवाले सर चांगले आहेत, त्यांचं काम तिनं वाचलंय, उगाच वाईट बोलणार नाही. पण ते जंगल आणि हवामान बघतात. त्या विषयात लिहिणारेच हजारोंनी, म्हणून नाव घेणारेही हजारोंनी. "आणि गोड्या पाण्यातले खेकडे बघणारी माणसं जगात किती, सांगू? दोन एसटीत सगळी बसतील. ती बिचारी घेऊन घेऊन किती वेळा माझं नाव घेणार? त्यात मी नव्या जातीला नाव ठेवलं, की ते नाव सगळे वापरतात, पण कुणी ठेवलं ते लिहायचं विसरतात."

एवढं बोलून ती गेली. तिच्या डोक्यात विषय संपला. दादासोंच्या डोक्यात सुरू झाला.

दादासो म्हणजे साधा माणूस नाही. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत आमच्या भागातली एक पोरगी होती, तेव्हा ह्या माणसानं भाजी मंडई, रिक्षा स्टँड आणि दोन गूळ-अडत्यांची दुकानं मतदानाला बसवली होती. त्यांच्या हिशेबात प्रत्येक आकडा हा मतांचा आकडा. आपल्या पोरीचा आकडा कमी आहे? मग वाढवायचा! तालमीच्या ग्रुपवर निरोप गेला: "आपल्या शांभवीताईंना सपोर्ट करायचा हाय. खालची लिंक दाबा. घरातल्या सगळ्या फोनवरनं दाबा. पावण्या-रावळ्यांना पाठवा. आपलं कोल्हापूर, जगात भारी!"

लिंक होती तिच्या एका पेपरची. विषय, कात टाकताना खेकडा किती दिवस बिळात राहतो. तोपर्यंत तो पेपर सगळ्या दुनियेत मिळून फार तर एका वर्गाइतक्या लोकांनी उघडला असेल. दोन दिवसांत तो हुपरीत चांदीचे पैंजण घडवणाऱ्यांनी उघडला, जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलाल विकणाऱ्यांनी उघडला, दुबईतल्या दादासोंच्या मेहुण्यानं उघडला. वाचला कुणीच नाही. पण खाली प्रतिक्रिया लिहायची सोय होती, तिथं मात्र धुरळा. "नाद खुळा ताई." "विषय हार्ड हाय." "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी." एकानं लिहिलं, "माहिती छान, पण रस्सा कसा करायचा ते दिलेलं न्हाय."

आणि मी काय केलं? मी माझ्या धंद्याला शोभेल तेच केलं. तावडे हॉटेलपाशी, शहरात शिरताना पहिला नजरेत भरेल असा बोर्ड. मधोमध शांभवी, हातात खेकडा, मागून सूर्याची किरणं. "आमच्या गल्लीची शान, खेकड्यांची माय, डॉ. शांभवीताई हत्तरकी यांचा एच-इंडेक्स नऊ झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली तालमीतल्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो. माझ्या हातून निघालेल्या चांगल्या कामांपैकी ते एक आहे, आजही म्हणतो.

तिसऱ्या दिवशी शांभवी दुकानात आली ती बोलतच. "दादासो कुठं हाईत? मला आधी दादासो दाखवा!" दादासो आतच बसले होते.

नियतकालिकाच्या संपादकांचं तिला पत्र आलं होतं. परदेशातनं. तुमच्या पेपरवर अचानक संशयास्पद वर्दळ दिसते, कुणी मुद्दाम आकडे फुगवतंय का, खुलासा करा.

"फुगवतंय कशाला?" दादासो म्हणाले. "खरी माणसं हाईत. एकेकाचं आधार कार्ड देतो."

"अहो, उघडून काय उपयोग? इंडेक्समध्ये ते धरतच न्हाईत! आकडा तर वाढला न्हाईच, वर डाग लागला! ह्याला लबाडी म्हणतात आमच्यात."

मी म्हटलं, "मग गप बस. समितीला कुठं कळतंय?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी उगाच शाईची बाटली पुसायला घेतली. "मी सकाळीच कळवलं त्यांना. काय झालं, कसं झालं, सगळं. त्यांना दुसरीकडनं कळलं असतं, तर संपलंच होतं की."

दादासो मान खाली घालून बसले, आणि मग एकदम उसळले. त्यांना स्वतःचा राग आला, की ते जगावर काढतात. "पण मी म्हंतो, ही जोड लावली कुणी? सत्तावीसवाला एकीकडं, नऊवाली एकीकडं! आमच्या मैदानात असली कुस्ती लावली, तर पब्लिक खुर्च्या फेकंल! आधी वजन बघत्यात, वय बघत्यात, किती वर्षं लढतोय बघत्यात, मग जोड लावत्यात. तुमच्यात काय आंधळा कारभार हाय व्हय?"

शांभवीनं ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तिनं तसंच मिटलं. "परत म्हणा."

"काय?"

"काय न्हाई. मी जातो." आणि ती गेलीसुद्धा.

पुढचे सगळे दिवस भिंतीपलीकडं दिवा आणि कॉम्प्युटर चालू. आक्काताई दारात येऊन सांगायची, "जेवायला बेडा म्हंती, नको म्हंती. आकडे काढाय लागलीया." गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर काम करणारे जगातले सगळे तिनं शोधून काढले, प्रत्येकाचा पहिला पेपर कधी आला ते बघितलं, आणि तेवढ्याच वर्षांत कोण कुठवर पोचलं ते मांडलं. एका गटातले, एका वजनाचे.

समिती आली त्या दिवशी कॉलेजचा हॉल भरला होता. पोरांनी कमी आणि गल्लीनं जास्त. मांडणी सगळ्यांना खुली होती, त्यामुळं आम्हाला कुणी अडवू शकत नव्हतं. समितीत तिघं, त्यांतले दोघंच बोलायचे. अध्यक्ष नागपूरच्या, डॉ. प्रेरणा ढोके, बारीक केसांच्या, बघावं तेव्हा ओठाच्या कोपऱ्यात हसू. दुसरे दिल्लीचे साहेब, पांढरेशुभ्र बूट. कोल्हापुरात, जुलै महिन्यात, पांढरे बूट!

ढोकेबाईंनी सुरुवातच अशी केली, "मी पुष्कळ इंडेक्स पाहिले, पण इंडेक्सचं बॅनर आज पहिल्यांदा पाहिलं बाप्पा."

हॉल हसला. मी उठून नमस्कार करणार होतो, दादासोंनी शर्ट धरून खाली बसवलं.

शांभवी हसली नाही. ती म्हणाली, "ती माझी गल्ली आहे मॅडम. पेपर उघडले तेही ह्यांनीच. ते सगळे आकडे कृपया धरू नका." आणि मग पडद्यावर तो तक्ता आला. तिनं सरळ सांगितलं, "माझा नऊ आहे. सत्तावीसच्या शेजारी ठेवला तर तो लहानच दिसणार. पण ह्या विषयात, एवढ्याच वर्षांत, जगभरची माणसं इथं उभी आहेत. ह्यात मी पहिली नाही. वरच्या पाचांतही नाही, सातवी आहे. पण मला लढवायचंच असेल तर ह्यांच्याशी लढवा."

दादासो माझ्या कानात म्हणाले, "सातवी कशाला सांगितली? पाचवी म्हनली असती तर कोन मोजाय आलतं?"

मग दुसरा तक्ता. पावसाळ्यात आपल्याकडं ओढ्यातले खेकडे धरून बाजारात आणतात. खेकड्याची मादी पिल्लं पोटाखालच्या झडपेत घेऊन फिरते, आई काखोटीला घेते तशी. ती एक धरली की तिच्याबरोबर शंभर-दोनशे गेलीच. शांभवी वर्षानुवर्षं गारगोटीकडच्या ओढ्यांवर हेच सांगत हिंडत होती: बाकीचे न्या, ही सोडा. जिकडं ती गेलीच नव्हती अशा बाजारांत अजून पाटीपाटीत पिल्लांच्या माद्या दिसतात. गारगोटीच्या बाजारात शोधून सापडत नाहीत.

दिल्लीचे साहेब पुढं सरकले. इंग्रजीत बोलले, पण आमच्या प्राचार्यांनी मागं बसून आम्हाला हळूच सांगितलं. साहेब म्हणत होते, माद्या ओढ्यातच संपल्या असतील तर? म्हणून बाजारात नसतील.

"ओढ्यातल्या आम्ही दर वर्षी मोजतो, मला सुट्टी नसली तर माझे विद्यार्थी मोजतात," शांभवी म्हणाली. "वाढल्यात."

बरं, साहेब म्हणाले, वाढल्या. पण तुमच्यामुळं कशावरून? तुमच्या पेपरचं नाव घेतलं तर निदान छापील दिसतं. इथं कुणी तुमचं नाव घेतलंय?

"छापील काही नाही," शांभवी म्हणाली.

ढोकेबाईंनी घड्याळाकडं बघितलं. "दुपारी आपण सड्यावर जाणारच होतो ना? आज गारगोटीला बाजार असतो का?"

मागून दादासो उठून ओरडले, "असतोय की! आजच हाय!"

त्यांची गाडी पुढं, आमची ओम्नी मागं. दीड तास पाऊस, खड्डे आणि दादासोंची बडबड. बाजाराच्या तोंडाशी ढोकेबाईंनी नियम सांगितला. शांभवीनं गाडीतच बसायचं. आपण कोण ते कुणी बोलायचं नाही. माझ्याकडं बोट करून त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही बॅनरवाले, तोंडाला कुलूप." शांभवी काचेआड बसली. काच धुरकट झाली होती, ती पुसायची, परत धुरकट व्हायची.

खेकडेवाल्या बायका कडेला, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. पहिल्याच पाटीपुढं ढोकेबाई उभ्या राहिल्या. पाटीवालीचं नाव पारूबाई, शेजारणी हाका मारत होत्या त्यावरून कळलं.

"मावशी, पिल्लंवाली मादी आहे का? तिची चव भारी असते म्हणे."

पारूबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "कुठनं आलायसा पावणं?"

"नागपूरहून."

"तिकडं आयांना मारून खात्यात व्हय?" शेजारच्या बायका खदाखदा हसल्या. "हितं असलं मिळत न्हाय. नर घ्या, मोकळी मादी घ्या. पिल्लांची आनली तर ह्या बाया मला बाजारातनं हाकलून लावतील."

"दुप्पट देते."

"चौपट द्या की! न्हाईच तर कुठनं काढू?"

मी आनंदानं दादासोंचा दंड असा दाबला, की ते विव्हळले. पण साहेब ओठ दाबून उभे होते. बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? पैल्यापास्नं असंच हाय."

"डॉक्टर शांभवी हत्तरकी म्हणून कुणी?"

"कोन? न्हाय बा. ह्या नावाचं कोन ठाव न्हाय."

झालं! साहेबांनी मान हलवली. काम झालंय, पण नाव नाही. पाटीत एक मादी नाही आणि बाजारात एक सायटेशन नाही. गाडीतून शांभवी बघत होती, तिला ऐकू येत नव्हतं, पण साहेबांची मान दिसत होती.

आता मला सांगा, मी कुलूप किती वेळ ठेवणार? कुठली गोष्ट कुणापासून निघाली आणि कुणाच्या तोंडातून कुणाच्या कानात गेली, हे काढण्यात माझी हयात गेली. मी उकिडवाच बसलो पारूबाईपुढं.

"मावशी, पैल्यापास्नं म्हंजे तुमच्या सासूच्या काळात बी?"

"सासू?" पारूबाई फिस्कारली. "म्हातारी तर पिल्लांच्याच मादीचं कालवन करायची. मला वाटीभर बी ठेवायची न्हाय."

"आस्सं! मग तुमी कवापास्नं बंद केलं?"

"नणंदेनं बंद केलं माझ्या. हौसाबाई. वरच्या गावात दिलीया. मागं एका दिवाळीला आलती, तवा माझ्यासंगं भांडली. म्हनाली, बाजारात तसली मादी दिसली तर पाटीच उलटी करीन. तिचा काय नेम न्हाय, केली बी असती. मग मी ह्या बायास्नी सांगितलं."

"फोन हाय का हौसाबाईचा?"

फोन होता. पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. पारूबाईनं लावला, मी आवाज मोठा केला. साहेब वाकले. पांढरे बूट कधीच चिखलात गेले होते.

"हौसे, हितं नागपूरचं पावणं इचारत्यात, पिल्लांच्या मादीचं तुला कुनी सांगितलं?"

"कुनी म्हंजे? ती खेकडंबाई!"

"कोन खेकडंबाई?"

"अगं यायची की आमच्या वड्यावर. पॅन्ट गुडघ्यापातूर दुमडून पान्यात उभी ऱ्हायची. नाव काय मला ठाव न्हाय. माझ्या हातातली मादी उलटी करून दावली, आत बारीक बारीक पिल्ली वळवळत हुती. मला म्हनली, तुला किती पोरं? म्या म्हटलं, तीन. म्हनली, हिला दोनशे हाईत, आनि नवरा बघाय बी येत न्हाय." पाटीभोवतीच्या बायका हसून लोळल्या. "तवापास्नं म्या न्हाय धरली. गावात कुनाला धरू दिली न्हाय."

ढोकेबाईंनी वळून गाडीकडं हात केला. शांभवी दार उघडून पावसातनं पळत आली. बाईंनी एक शब्द न बोलता फोन तिच्या हातात दिला.

"हॅलो?" शांभवी म्हणाली. "हौसाक्का?"

मग फोनमधून असा आवाज आला, की शेजारच्या पाटीतला खेकडा नांगा उगारून उभा राहिला. "अगं बयाऽ! खेकडंबाई! कुठं मेलीस? दोन पावसाळं फिरकली न्हाईस! पोरं इचारून इचारून डोस्कं खात्यात!"

"कॉलेजनं सुट्टी दिली न्हाई आक्का..."

"कालेजला सांग, हौसाबाई वरडती म्हनून!"

शांभवी रडत होती, हसत होती, पाऊस होता, काय काय आहे कळत नव्हतं. दादासो सरळ पारूबाईच्या पाया पडले. आणि दिल्लीचे साहेब, चिखलात उभे, ढोकेबाईंना म्हणाले, आता ह्याचं सायटेशन द्यायचं कसं?

"तेच तर शोधायचंय आपल्याला," बाई म्हणाल्या, आणि पाटीतले चांगले मोठे नर निवडायला बसल्या.

आम्हाला वाटलं, दुसऱ्याच दिवशी निकाल. कसलं काय! श्रावण लागला तरी पत्ता नाही. आमच्या घरातला रस्सा बंद झाला, तोंडाला चव नाही, त्यात ही टांगती. आक्काताई रोज विचारायची, "काय कळलं का रे बाळासो?" जसं काही मीच समितीत होतो. शांभवी मात्र सुट्टी टाकून हौसाबाईच्या गावाला जायला निघाली. म्हणाली, मिळो न मिळो, तिला बोललोय. मीच ओम्नी काढली.

ओढ्यावर हौसाबाई कमरेला पदर खोचून उभीच होती. दोघी पाण्यात उतरल्या. मी काठावर छत्री धरून. आणि तेवढ्यात शांभवीचा फोन वाजला, आणि बंद पडला. सड्यावर रेंज कुठली! ती ओढ्यातून वर, कातळावर, मग त्यापेक्षा उंच कातळावर चढत गेली, फोन आभाळाकडं धरून. "मॅडम? हां मॅडम... ऐकू येतंय... परत बोला..."

मग ती इतकी जोरात किंचाळली, की समोरच्या बांधावरचे बगळे उडाले.

"मिळालं! अण्णा, मिळालं!"

मी छत्री टाकून नाचलो. एकटाच. तालमीचे ढोल-ताशे नव्हते, हलगी नव्हती, आणि हे सगळं दादासोंना चुकलं म्हणून मला आणखी आनंद झाला. ती वरूनच ओरडून सांगत होती: नऊ हा आकडा आमच्या गटातच धरला! साहेबांनी माझ्या बाजूनं मत दिलं! जंगलवाल्या सरांना दुसरं काम मिळालं, त्यांनी पण अभिनंदन कळवलंय! एक अट आहे, कुणाचं ऐकून कुणी सोडलं ते गावोगाव शोधून दर वर्षी मांडायचं!

हौसाबाई पाण्यातच उभी. "मिळालं म्हंजे काय मिळालं?"

"पाच पावसाळे, आक्का! पाच पावसाळे मी हितंच!"

हौसाबाईनं थोडा विचार केला. पुढं वाकली, दगडाखाली हात घातला, एक मादी काढली, झडप उचलून बघितली आणि अलगद परत पाण्यात सोडली.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "ती वरली वाडी अजून माझं ऐकत न्हाय. लई मुर्दाड मानसं हाईत. उद्या तिकडं जाऊ. आता खाली ये, हितलं राहिलंय."

शांभवी फोन खिशात घालून उतरायला लागली, पॅन्ट पुन्हा गुडघ्यापर्यंत दुमडत.